डॉ. कोटणीस, डॉ. चोळकर आणि आपलं नागपूर

धरमपेठकर

आज ९ डिसेंबर. १९४२ साली याच दिवशी पहाटे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस उत्तर चीनमधल्या एका डोंगराळ खेड्यात वारले. बत्तीस वर्षांचे होते. मागं साडेतीन महिन्यांचा मुलगा, आणि शस्त्रक्रियेवरचं एक अर्धवट लिहिलेलं पाठ्यपुस्तक.

सोलापुरात जन्मलेला, मुंबईत गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात शिकलेला माणूस. त्याच्यासाठी नागपूरच्या मंडळींनी धागा का काढावा, तर १९३८ साली चीनमधल्या जखमींच्या सेवेला भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक आपल्या गावचे होते. डॉ. मो. रा. चोळकर. अलाहाबादचे डॉ. अटल (पथकाचे प्रमुख), कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. शाळेत आपल्याला एकच नाव शिकवलं जातं, उरलेली चार गळून पडतात. म्हणून आज दोघांबद्दलही बोलू या.

आधी थोडा काळ डोळ्यांसमोर आणा. १९३७ च्या जुलैत जपाननं चीनवर पूर्ण ताकदीनं हल्ला केला. डिसेंबरात नानजिंग पडलं आणि तिथली कत्तल जगाला कळली. चिनी सेनापती चू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले. १९३८ साली सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते, त्यांनी देशाला आवाहन केलं, जुलैत 'चीन दिन' पाळून वर्गणी जमवली. स्वतः गुलाम असलेल्या देशानं दुसऱ्या देशाच्या जखमींसाठी घरोघरी पैसे मागितले, हे मला अजूनही फार मोठं वाटतं. सुमारे बावीस हजार रुपये जमले. त्यातून औषधं, शस्त्रक्रियेची हत्यारं घेऊन पाचही जण १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून 'राजपुताना' बोटीनं निघाले.

कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. पदव्युत्तर शिक्षण सुरू होतं, सरळ रस्ता पुढं दिसत होता. पण जग पाहायचं, वेगवेगळ्या मुलखांत डॉक्टरी करायची, ही त्यांची आधीपासूनची ओढ. ही गोष्ट आपण सांगताना बाजूला ठेवतो, जणू काही भटकायची हौस असणं म्हणजे सेवेला उणेपणा. मला तसं वाटत नाही. त्या ओढीनंच त्यांना बोटीवर चढवलं. पुढं जे झालं ते मात्र नुसत्या हौसेनं होत नाही.

कँटनला उतरले, तिथून हँकाऊ, मग नदीनं वर चुंगकिंग. वर बॉम्ब पडत होते, शहरं एकामागून एक हातची जात होती. चुंगकिंगमध्येच वडील गेल्याची बातमी आली. घरची परिस्थिती बेताची, डोक्यावर कर्ज. सोबतचे म्हणाले, तू परत जा, कुणी नाव ठेवणार नाही. ते गेले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला, म्हणजे माओंच्या साम्यवादी सैन्याच्या तळावर पोचलं, जिथं दवाखाने मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये होते. त्याच वर्षाच्या शेवटी कोटणीस आणखी पुढं, जपानी फळीच्या मागं असलेल्या मुलखाकडं निघाले.

तिथं नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे सर्जन काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जखम चिघळली आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला ते रक्तदोषानं गेले. त्यांच्या नावानं जो आंतरराष्ट्रीय शांती दवाखाना झाला, त्याचे कोटणीस जानेवारी १९४१ मध्ये संचालक झाले. हाताखालची मंडळी चिनी, रुग्ण चिनी, शिकवायचं ते चिनीतून. ते चिनी बोलायला, वाचायला शिकले आणि त्याच भाषेत व्याख्यानं देऊ लागले.

१९४० च्या एका लांबलेल्या लढाईत त्यांनी ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. त्या लढाईत आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले.

लोक म्हणतात, ते चीनला गेले हे त्यांचं धाडस. मला सारखं वाटतं, जाणं एकदाच घडतं. राहायचं मात्र पुन्हापुन्हा ठरवावं लागतं. वडील गेले तेव्हा, सोबती एकेक करून परतले तेव्हा, स्वतःला मिरगीचे झटके येऊ लागले तेव्हा. दर वेळी परतीची वाट मोकळी होती आणि ती धरली असती तर कुणी बोट दाखवलं नसतं.

तुमच्याकडं घरातल्या आठवणी असतील, ऐकलेलं, वाचलेलं, तर लिहा.

सोलापूरची सून

धरमपेठकर, मनापासून आभार. मी जन्मानं नागपूरची, लग्नानं सोलापूरची आणि नोकरीनं पुन्हा नागपूरची. सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा सासऱ्यांनी देवळाच्या आधी भैय्या चौकातलं कोटणीस स्मारक दाखवायला नेलं होतं. ते त्यांचं राहतं घर, आता महापालिकेनं जपलंय. फोटो आहेत, जुन्या वस्तू आहेत. गावातल्या माणसांना त्याचा फार अभिमान. चीनमधून पाहुणे येतात, फुलं वाहून जातात.

त्यांच्या घरच्यांनी नंतर सांगितलेली एक गोष्ट मनात राहिली आहे. मुलगा चीनला निघाला तेव्हा घरात कुणाला चीनची काहीच कल्पना नव्हती. दारावर रेशमी कापड विकायला चिनी माणसं यायची, एवढीच त्या देशाची ओळख. त्या आईच्या जागी स्वतःला ठेवून बघते तेव्हा पोटात गोळा येतो. आज मुलगा पुण्याला गेला तरी आपण दिवसातून दोनदा फोन करतो. त्यांच्याकडं पत्र यायचं ते युद्धातून, महिन्यामहिन्यांनी. घरचा कर्ता गेलेला, आणि मुलगा तिकडं. त्या घरानं त्याला परत बोलावण्याचा हट्ट धरला नाही. दया दयाळू माणसाच्या एकट्याच्या खात्यातून खर्च होत नाही, घरच्यांच्याही होते. त्या आईबहिणींचं नाव कुठल्या फलकावर नसतं, म्हणून इथं लिहिलं.

बर्डीवरचा

धरमपेठकर भाऊ, चांगलं काढलं. मी कालच घरी सांगून राहिलो होतो का चीनला गेलेले एक डॉक्टर आपल्या इथले होते, तर पोरगं म्हणे, बाबा काहीही सांगता. आता हा धागाच दाखवतो त्याला.

पण मले एक म्हणायचं आहे. चोळकर डॉक्टर काही त्या वक्ताला कोवळं पोरगं नव्हते. वय झालं होतं. इथं नावाजलेले, काँग्रेसमधले जुने माणूस, १९२० च्या नागपूर अधिवेशनाच्या आधीपासून सार्वजनिक कामात. अन् १९३८ चा जुलै म्हणजे आपल्या इथं काय धामधूम! नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी. डॉ. खरे मुख्यमंत्री, त्यांचा राजीनामा, मग रविशंकर शुक्ल आले, सगळं त्याच महिन्यात. अख्खं गाव त्याच्यावरच बोलत असेल. राजकारणातल्या माणसानं तेव्हा गावात राहून आपली बाजू सांभाळली असती. हा माणूस सामान बांधून बोटीवर गेला.

१९३९ मध्ये परत आले, म्हणून त्यांचं नाव मागं पडलं. जो परत येत नाही त्याचाच पुतळा होते, असं का बरं? अठ्ठावीसच्या वयात जाणं अन् पांढऱ्या केसांनी जाणं, दुसऱ्यालेही छाती लागते.

धरमपेठकर

बर्डीवरचे भाऊ, तुमचं म्हणणं मान्य. वयस्क माणसाला आपलं शरीर कुठं दगा देईल हे माहीत असतं, आणि तरी तो निघतो. मुखर्जीही १९३९ मध्येच परतले, अटल त्यानंतर. अटल तर त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धातही जखमींची सेवा करून आले होते. बसू १९४३ पर्यंत होते. पाचांपैकी एकाचंही काम दुसऱ्यामुळं लहान होत नाही. मी कोटणीसांवर जास्त लिहिलं ते त्यांचं आयुष्य तिथंच संपलं म्हणून. एका माणसाला पुढची तीस-चाळीस वर्षं मिळाली असती तर तो काय झाला असता, हा विचार मला सोडत नाही.

डॉक्टर मेडिकल चौक

मी फिजिशियन आहे. अपस्माराचे, म्हणजे आपल्याकडं ज्याला मिरगी म्हणतात त्याचे रुग्ण रोज बघतो. कोटणीसांचा शेवट त्यानंच झाला, म्हणून दोन शब्द.

झटका बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. तो पाच मिनिटांपलीकडं लांबला, किंवा शुद्ध न येताच एकामागून एक येत राहिले, तर त्याला आम्ही स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतो. तेव्हा मेंदू, हृदय, श्वास सगळ्यांवर ताण येतो आणि दर मिनिट मोलाचं असतं. आज शिरेतून औषध देतो, ऑक्सिजन लावतो, लागलं तर अतिदक्षता विभागात नेतो. बहुतेक रुग्ण वाचतात. १९४२ मध्ये फेनोबार्बिटल होतं, १९१२ पासून वापरात होतं. फेनिटॉइन १९३८ पासून वापरायला लागले, म्हणजे हे लोक बोटीवर चढले त्याच वर्षी. पण ते होतं मोठ्या शहरांत. चहूबाजूंनी कोंडलेल्या डोंगरी मुलखात, जिथं पट्ट्या धुऊन पुन्हा वापराव्या लागत, तिथं हे औषध नियमित मिळणं कठीणच.

झटके काही पहिल्यांदाच आले नव्हते. आधीपासून येत होते. उपचारासाठी हा भाग सोडून जा, असं तिथल्या सेनापतींनी त्यांना सुचवलं होतं. त्यांनी नकार दिला. आता डॉक्टर म्हणून मला यातलं काय दुखतं ते सांगतो. झोप न मिळणं, ताप, उपाशीपोटी काम, थकवा, या सगळ्यांनी झटके वाढतात. हे ते स्वतः जाणत असणार. रुग्णाला त्यांनी नक्की सांगितलं असतं की बाबा, जागरण करू नको. आणि स्वतः रात्ररात्र जागत होते, कारण दुसरा सर्जन नव्हता.

मी माझ्या रुग्णांना त्यांचं अनुकरण करायला सांगणार नाही. औषध घ्या, झोपा, असंच सांगेन. पण त्यांच्याबद्दल मनात जो आदर आहे तो यामुळं कमी होत नाही, वाढतो.

इथल्या सगळ्यांसाठी: कुणाला झटका आला तर तोंडात चमचा, कांदा, चप्पल काहीही घालू नका. कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेलं तर लगेच १०८ ला फोन.

कामठी कॅन्टोन्मेंट

धागा वाचला. लिहू की नको असं वाटत होतं, पण लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या फौजेत. काका १९६२ च्या चीन युद्धात नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात होते. त्यांनी चीनबद्दल आयुष्यात एक चांगला शब्द काढला नाही आणि त्यांना तो हक्क होता. २०२० मध्ये गलवानची बातमी आली त्या रात्री आमच्याकडं कुणी जेवलं नाही.

म्हणून प्रामाणिकपणे विचारतो. ज्या सैन्यासाठी कोटणीसांनी जीव दिला, तेच पुढं आपल्यावर चालून आलं. हे तुम्ही मनात कसं बसवता? मला त्यांच्या दयेबद्दल शंका नाही. मला फक्त हे दोन एका जागी ठेवता येत नाहीत.

धरमपेठकर

कामठीचे साहेब, तुमच्या काकांना आधी नमस्कार. प्रश्न खरा आहे आणि तो टाळून हा विषय पुरा होत नाही.

माझं उत्तर असं. १९३८ मध्ये कोटणीस ज्यांच्याकडं गेले ते लोक बॉम्बखाली होते. १९४१-४२ मध्ये जपानी फौजांनी त्याच मुलखात 'सगळं जाळा, सगळं मारा, सगळं लुटा' असं धोरण चालवलं. दवाखाना सतत हलवावा लागे, जखमींना शेतकऱ्यांच्या घरांत लपवावं लागे. स्ट्रेचरवर आलेला मुलगा पंधरा-वीस वर्षांनी कुणाचं राजकारण चालवेल हे पाहून कुठला डॉक्टर टाके घालत नाही. पुढचं पाप पुढच्या सत्ताधाऱ्यांचं. ते कोटणीसांच्या हिशेबात लिहू नये, आणि कोटणीसांचं पुण्य दाखवून कुणी १९६२ पुसूही नये. चीनचे नेते भारतात आले की कोटणीसांच्या कुटुंबीयांना भेटत आले आहेत. ते करतात त्यात त्यांचं राजकारण असेल. आपण आपल्या माणसाची आठवण त्यांच्यावर सोपवायचं कारण नाही.

कामठी कॅन्टोन्मेंट

पटलं असं लगेच म्हणत नाही, पण 'ते त्यांच्या हिशेबात लिहू नये' हे घेऊन जातो. फौजेतही शत्रूच्या जखमीवर आमचा डॉक्टर उपचार करतोच. काका असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

वॉर्ड सिस्टर

मी सर्जिकल वॉर्डात आयुष्य काढलं, आता निवृत्त. ७२ तास हा आकडा तुम्ही सगळे वाचून पुढं जाता, मला तिथं थांबावंसं वाटतं.

सलग दोन ड्युट्या केल्या तर सकाळी हात कापतात, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. उभं राहून पायांचे घोटे सुजतात. औषधाचं नाव दोनदा वाचावं लागतं. हे मी वीज, पाणी, निर्जंतुक केलेले ट्रे, हाताशी चार माणसं असताना सांगते आहे. त्यांच्याकडं रॉकेलचा उजेड, उकळलेलं पाणी, खाटल्याची टेबलं. पेनिसिलिन तेव्हा सामान्यांच्या हाती आलेलंच नव्हतं. म्हणजे गोळी काढून चालत नव्हतं, कुजलेलं मांस वेळेत कापून जखम स्वच्छ केली नाही तर पोरगं हातचं जायचं. तिथं घाई आणि नीटपणा दोन्ही लागतात आणि झोप नसली की आधी नीटपणा जातो. तीन दिवस त्यांनी तो सांभाळला.

आणि कुणी नर्सचं नाव घेतलंच नाही, म्हणून मी घेते. को चिंगलान. त्या दवाखान्याच्या शाळेत नर्सिंग शिकवायच्या. बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांची आणि कोटणीसांची पहिली भेट झाली, १९४१ च्या अखेरीस लग्न झालं. त्यांच्यावरच्या सिनेमात गाणी असतात. खरं आयुष्य त्या बाईंनी सुरुंग आणि गस्तीच्या मधून, पोटात बाळ घेऊन काढलं. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच नवरा गेला.

शुक्रवारी तलाव

सिस्टर ताई, डोळे भरून आले. धरमपेठकर, त्या बाळाचं पुढं काय झालं? आणि को चिंगलान यांचं?

धरमपेठकर

बाळ २३ ऑगस्ट १९४२ चं. नाव यिनहुआ ठेवलं, 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. मुलगा वडिलांसारखाच डॉक्टरी शिकत होता आणि १९६७ मध्ये, पंचविशीच्या आतच गेला. वडिलांपेक्षाही लहान वयात.

को चिंगलान मात्र खूप जगल्या. भारतात त्या अनेकदा आल्या, सासरच्या माणसांशी नातं त्यांनी शेवटपर्यंत तोडलं नाही. २०१२ मध्ये दालियानला वारल्या, नव्वदी ओलांडून. नवरा गेल्यावर सत्तर वर्षं.

कोटणीसांची समाधी आता शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारकात आहे, बेथ्यूनही तिथंच. कोटणीस गेले तेव्हा माओंनी लिहिलं होतं की सैन्यानं मदतीचा हात गमावला आणि राष्ट्रानं मित्र. आपल्या टपाल खात्यानं १९९३ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढलं. माझ्याकडं एक आहे, कुणाच्या शाळेत प्रदर्शन असेल तर नक्की मागा.

इंटर्न

मी मेडिकलला इंटर्नशिप करतोय. मार्चनंतर बाँडची एक वर्षाची ग्रामीण सेवा. मी गडचिरोलीतल्या भामरागडकडची जागा मागायची ठरवतोय. घरी आईचा एकच प्रश्न, काहून जातोस इतक्या लांब, पीजीचा अभ्यास कोण करेल. मित्र म्हणतात, रेंज नसते, पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद.

खरं सांगू का, मला तिकडचं जंगल बघायचंय, नदी ओलांडून गावांत जायचंय, हेही एक कारण आहे. आत्तापर्यंत हे बोलायची लाज वाटायची, वाटायचं की सेवेच्या नावाखाली मी फिरायला चाललोय. धरमपेठकर काकांनी कोटणीसांच्या ओढीबद्दल लिहिलं ते दोनदा वाचलं.

डॉक्टरसाहेब, जायचंच ठरलं तर आतापासून काय तयारी करू? औषधांची यादी वगैरे?

डॉक्टर मेडिकल चौक

बेटा, जा. यादी तिथं गेल्यावर मिळेल. तयारीचं सांगतो.

एक, माडिया, म्हणजे तिथल्या आदिवासींची भाषा, शिकायला लाग. भामरागडला मराठीवर काम निभत नाही. मध्ये दुभाषी असला की म्हातारी पोटातलं दुखणं अर्धंच सांगते. कोटणीस चिनी शिकले म्हणून तिथल्या माणसांनी त्यांना आपलं मानलं. प्रकाश आमटे १९७३ पासून हेमलकशात आहेत, त्यांनीही आधी भाषाच शिकली. आपल्या होस्टेलवर गडचिरोलीची मुलं असतात, त्यांच्यातल्या कुणाला माडिया येत असेल तर संध्याकाळी त्याच्यासोबत बस.

दुसरं, उरलेल्या महिन्यांत लेबर रूम आणि कॅज्युअल्टी सोडू नको. साप चावलेला, मलेरियाचा ताप डोक्यात गेलेला, अडलेली बाळंतीण, हे तिघं तुला तिथं भेटणारच. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं नीट वाच, आपल्या विदर्भात तो ठिकठिकाणी आहे.

आणि आईला घेऊन रविवारी माझ्याकडं ये. मी बोलतो त्यांच्याशी.